दादोबा पांडुरंग तर्खडकर : धर्ममताचा उच्चार आणि मौन

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) हे नाव मराठीच्या अभ्यासकास प्रथम भेटते ते १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी व्याकरणामुळे. त्यांचा 'धर्मविवेचन' हा ग्रंथ मात्र १८६८ साली प्रकाशात आला तो 'एक जगद्वासी आर्य' या नावाने. भाषेचे नियम स्वतःच्या नावाने सांगणाऱ्या या ग्रंथकाराने आपली श्रद्धा सांगताना नाव झाकले. हा विरोध केवळ त्यांच्या स्वभावाचा भाग नव्हता. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात आपले धर्ममत चारचौघांत सांगण्याची जी किंमत होती, तिच्याशी तो निगडित आहे.

तर्खडकर घराण्याचे मूळ गाव वसई तालुक्यातील तर्खड. शहापूर, मुरबाड यांप्रमाणेच वसईही पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती त्यात गेली. दादोबांचा जन्म मात्र ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. वैष्णव संस्कारांचे घर आणि मुंबईतील नवे इंग्रजी शिक्षण या दोहोंतून त्यांचा पिंड घडला. धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली इंग्रजी राज्यावर कठोर टीका करणारी पत्रे वृत्तपत्रात लिहिली, तीही टोपणनावानेच. दुसरे बंधू डॉ. आत्माराम पुढे प्रार्थनासमाजाचे अध्वर्यू झाले. काही काळ जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून माळव्यात राहिल्यामुळे दादोबांना मुस्लिम दरबाराचाही जवळून परिचय झाला.

सुरतेच्या इंग्रजी शाळेत असताना त्यांच्या धर्मचिंतनास संघटित रूप आले. दुर्गाराम मेहताजी आदी सहकाऱ्यांसह २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. ईश्वर एक, मनुष्यजात एक आणि म्हणून मनुष्याचा धर्मही एक, ही या सभेची भूमिका होती. सभेचे कामकाज उघड चाले. मंत्रतंत्र आणि भूतबाधा यांवर उपजीविका करणाऱ्यांना जाहीर आव्हाने दिली जात. दादोबांच्या आयुष्यातील धर्ममताच्या मोकळ्या उच्चाराचा हा काळ होय. १८४६ साली ते मुंबईस परतले आणि तेथे हा मोकळेपणा टिकला नाही.

त्याची कारणे तत्कालीन मुंबईत शोधावी लागतात. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने शहर हादरले होते. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडून परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्याच्या प्रश्नावर ब्राह्मणसमाजात दोन तट पडले आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही रोष सोसावा लागला. मत बदलले एवढ्याने कोणी जातिबाह्य होत नसे. ते प्रकट झाले की पंगत, विवाहसंबंध आणि अंत्यविधी हे सारेच संकटात येई.

१८४९ साली स्थापन झालेली परमहंस मंडळी या भीतीची जाणीव ठेवूनच चालली. तिचे अध्यक्षपद राम बाळकृष्ण जयकर यांच्याकडे होते. दादोबा तिचे वैचारिक प्रणेते असूनही पडद्याआड राहिले. मूर्तिपूजा आणि जातिभेद यांचा त्याग हे तिचे ध्येय होते. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा प्रघात होता. परंतु हे सारे बंद दाराआड घडे. मंडळीचा विस्तार होऊन पुरेसे बळ येईपर्यंत मौन पाळावे, हा हिशेब होता. १८५२ साली दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले आणि प्रत्यक्ष कार्यापासून त्यांचे अंतर वाढले.

याच मंडळीत वावरलेल्या बाबा पदमनजी यांनी वेगळी वाट धरली. १८५४ साली बेळगावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपला धर्मप्रवास स्वतःच्या नावाने सांगितला. त्यासाठी त्यांना आप्तस्वकीयांचा वियोग पत्करावा लागला. मंडळीच्या बहुसंख्य सभासदांची ती तयारी नव्हती. १८६० च्या सुमारास मंडळीचे दप्तर चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटण्याची धास्ती पसरली आणि संस्था विस्कळीत झाली. ज्या गुप्ततेने मंडळीचे रक्षण करायचे, तीच तिच्या नाशाचे कारण ठरली. ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने उघड उपासनेचा मार्ग स्वीकारला, त्यामागे हा अनुभव होता.

दादोबांच्या ग्रंथांवरील नावांचा क्रम या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. मोरोपंतांच्या 'केकावली'वरील 'यशोदापांडुरंगी' ही टीका १८६५ साली त्यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. भक्तिकाव्याच्या रसग्रहणाने कोणी दुखावणार नव्हते. तीनच वर्षांनी आलेले 'धर्मविवेचन' टोपणनावाने आले. १८७८ साली स्वीडनबॉर्ग या स्वीडिश तत्त्वचिंतकावरील त्यांचा ग्रंथ लंडनला निघाला. तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण तो इंग्रजीत होता आणि त्याचा वाचक दूरचा होता. ख्रिस्ती परंपरेतील या विचारवंताविषयी उत्कट आदर व्यक्त करणाऱ्या त्या ग्रंथाच्या शीर्षकातच दादोबांनी स्वतःची ओळख एक हिंदू गृहस्थ अशी करून दिली. त्यांनी धर्मांतर केले नाही. जन्माने लाभलेला धर्म आणि विचाराने लाभलेली श्रद्धा या त्यांच्या दृष्टीने परस्परांना छेद देणाऱ्या गोष्टी नव्हत्या. हे त्यांनी निःसंकोचपणे सांगितले ते मात्र परक्या भाषेत.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली संपादित करून प्रकाशित केले. त्यातील निवेदन १८४६ पर्यंत येऊन थांबते. सुरतेची उघड सभा त्यात येते, मुंबईची गुप्त मंडळी येत नाही. हा खंड केवळ लेखन अपुरे राहिल्यामुळे पडला असेल. त्यावरून हेतूविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तथापि परमहंस मंडळीची कथा तिच्या प्रणेत्याच्या लेखणीतून मराठी वाचकास मिळाली नाही, ही वस्तुस्थिती उरते. म्हणून दादोबांचे धर्मविषयक वाङ्मय अभ्यासताना ग्रंथातील मतांइतकेच त्यांच्या मुखपृष्ठावर कोणते नाव आहे आणि ते कोणत्या भाषेत छापले आहे, हेही पुरावा म्हणून वाचणे आवश्यक ठरते.