चमचा, मेणबत्ती आणि हृदय: रिचर्ड ब्राइटची गोष्ट

गेल्या महिन्यात बाबांच्या डायबेटिसच्या तपासण्यांची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. त्यात एक ओळ होती, युरिन एसीआर. डॉक्टरांनी सांगितलं, हा आकडा किडनीसाठी बघतात तसा हृदयासाठीही बघतात. हृदयासाठी लघवी तपासायची, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. शोधत शोधत मागे गेलो आणि थेट १८२७ च्या लंडनमध्ये पोचलो, रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरपाशी.

ब्राइटचा जन्म १७८९ चा, ब्रिस्टलमधला. वडील व्यापारी आणि बँकर, त्यामुळे पैशाची ददात नव्हती. गडी मात्र भटक्या. एडिनबरोत मेडिकल शिकता शिकता १८१० मध्ये आइसलँडच्या मोहिमेवर गेला. पुढे व्हिएन्नाहून हंगेरीत फिरला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी चित्रंही स्वतः काढली. माझ्या मते नीट बघायची सवय त्याला इथेच लागली असणार.

१८२० मध्ये तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये लागला. त्या काळी अंगावर सूज येऊन लोक दगावायचे आणि ती सूज हाच आजार समजला जायचा. ब्राइटने काय केलं? रुग्ण जिवंत असताना त्याची लघवी तपासली आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात आतले अवयव पाहिले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टेबल जॉइन केले!

टेस्ट अगदी साधी होती. चमच्यात थोडी लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. पांढरट गढूळपणा आला तर त्यात अल्ब्युमिन हे प्रोटीन आहे. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तोच प्रकार. लघवी अशी साकळते हे इटलीच्या कोतुन्योने १८व्या शतकातच पाहिलं होतं. पण सूज, अल्ब्युमिन आणि खराब किडनी हे तिन्ही धागे ब्राइटने १८२७ च्या पुस्तकात पक्के जोडले. पुढे कितीतरी वर्षं किडनीच्या या विकाराला ब्राइट्स डिसीज म्हणत.

मला जास्त भावलं ते १८३६ चं काम. त्याने अशा १०० रुग्णांचा तक्ता छापला. त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय मोठं झालेलं होतं आणि अनेकांच्या झडपांत काहीच बिघाड नव्हता. मग हृदय वाढलं कशाने? ब्राइटचा एक अंदाज असा, की रक्तात बदल होऊन बारीक रक्तवाहिन्यांतून ते ढकलायला हृदयाला जादा जोर लावावा लागत असेल. म्हणजे माणूस ब्लड प्रेशरच्या दारात उभा होता. पण दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजायचं रिव्हा-रोचीचं यंत्र आलं १८९६ मध्ये, ब्राइट गेल्यावर ३८ वर्षांनी.

चमच्याला फक्त मोठी गळती दिसते. १९६३ मध्ये त्याच गाय्ज हॉस्पिटलमध्ये हॅरी कीन आणि सहकाऱ्याने अल्ब्युमिनचं अगदी कमी प्रमाण मोजायची पद्धत काढली. किडनीची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यांचं अस्तर खराब झालं की अल्ब्युमिन झिरपतं, आणि असंच अस्तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही असतं. म्हणून ही छोटी गळती हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याची खूण ठरते.

आता एसीआरमधला सी, म्हणजे क्रिएटिनिन. स्नायूंच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ. भरपूर पाणी प्यायलात तर लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिन उगाच कमी दिसतं. पण क्रिएटिनिनही तितकंच पातळ होतं, म्हणून एकाला दुसऱ्याने भागायचं. चक्क नॉर्मलायझेशन! एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक मानतात. ताप, जोरदार व्यायाम किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर आकडा तात्पुरता चढतो, म्हणून एकाच रिपोर्टवर घाबरायचं नाही, टेस्ट परत करायची.

हीच टेस्ट आता फोनच्या कॅमेऱ्यावरही होते. पट्टी लघवीत बुडवायची, रंगीत कार्डावर ठेवायची आणि स्कॅन करायची. खोलीतल्या उजेडामुळे बदललेला रंग ॲप त्या कार्डावरून दुरुस्त करून घेतं. हेल्दी डॉट आयओ या इस्रायली कंपनीच्या अशा किटला २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली.

ब्राइट १८५८ च्या डिसेंबरमध्ये गेला, हृदयविकारानेच. शवविच्छेदनात त्याच्या महाधमनीची झडप कडक होऊन अरुंद झालेली सापडली. झडपेचा असा दोष लघवीच्या टेस्टमध्ये कळत नाही, चमच्यातही नाही आणि ॲपमध्येही नाही. तो स्टेथोस्कोपने ऐकावा लागतो किंवा इकोवर बघावा लागतो.

बाबांचा एसीआर १८ आला. इकोची अपॉइंटमेंट मंगळवारची आहे.