विश्लेषण : इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी, तरीही कर्णधारपद नाही... कोण होते बाळू पालवणकर?

'लगान' चित्रपटातील कचरा हे पात्र आठवते? गावाच्या संघात ज्याला घ्यायला इतर खेळाडू तयार नसतात, तोच फिरकी गोलंदाज पुढे सामना फिरवतो. २००१ मध्ये हा चित्रपट आला, तेव्हा क्रिकेटच्या इतिहासाच्या अभ्यासकांना एक खरे नाव आठवले. ते नाव म्हणजे बाळू पालवणकर. भारताचा पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ १९११ मध्ये इंग्लंडला गेला. त्या संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज बाळूच होते. मात्र देशातील सर्वोत्तम गोलंदाज म्हणून मान्यता मिळूनही त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. असे का झाले, त्याविरोधात कोण उभे राहिले आणि हा क्रिकेटपटू पुढे थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीच्या मैदानात कसा उतरला, ते जाणून घेऊया.

बाळू पालवणकर कोण होते?

बाळू यांचा जन्म १८७०च्या दशकाच्या मध्यावर धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पालवण म्हटले की बीडकरांना शहराजवळचे गाव आणि तिथली सह्याद्री देवराई आठवेल. पालवणकर कुटुंबाचे मूळ गाव पालवण मात्र कोकणातले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही या खेळात आले. हे चारही भाऊ हिंदू संघाकडून खेळले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका घरातून चार क्रिकेटपटू तयार होणे ही त्या काळात अचंबित करणारी गोष्ट होती.

गोलंदाजी कुठे शिकले?

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम. पगार महिन्याला ३ रुपये. त्यानंतर ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपये महिन्यावर लागले. तिथे जाळी लावणे, खेळपट्टी आखणे, टेनिस कोर्टवर रेषा मारणे अशी कामे होती. सरावासाठी आलेल्या साहेबांना चेंडू टाकणे हाही याच कामाचा भाग झाला.

त्या काळातील नामवंत फलंदाज जे. जी. ग्रेग या क्लबमध्ये नियमित सराव करायचे. बाळू त्यांना तासन् तास गोलंदाजी करत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. या सरावातून डावखुऱ्या फिरकीवर बाळू यांची हुकमत आली. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, उंची देणे, वेग बदलणे आणि टप्पा न चुकणे ही त्यांची शस्त्रे होती. 'लगान'मधील कचऱ्याची फिरकी अधू हाताची देणगी होती. बाळू यांची फिरकी मात्र अनेक वर्षांच्या मेहनतीतून आली होती. पूना क्लबमध्ये त्यांना फलंदाजी मात्र करू दिली जात नसे.

मैदानात सोबत, चहाला वेगळे?

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांच्या संघाला हरवायचे होते. त्यासाठी बाळू संघात हवे होते. त्यांना घ्यायचे की नाही यावर वाद झाला, पण शेवटी जिंकण्याची गरज मोठी ठरली. त्यांना संघात घेतले गेले, मात्र अटी कायम राहिल्या. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू झेलत. चहापानाच्या वेळी मात्र बाळू यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. त्यांचे जेवणाचे ताट वेगळे असे आणि ते बसतही वेगळे.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्याने त्यांना खेळवावे की नाही, यावर पुन्हा तोच वाद झाला. जिमखान्याचे कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरल्याने त्यांना प्रवेश मिळाला. पुढे ते बीबीसीआय रेल्वेत नोकरीला लागले आणि रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले.

धर्मानुसार संघ ही काय पद्धत होती?

आजच्या आयपीएलमध्ये शहरांचे संघ असतात. त्या काळी मुंबईतील सर्वांत मोठी स्पर्धा धर्मानुसार तयार केलेल्या संघांची होती. सुरुवातीला युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघाच्या प्रवेशाने ती चौरंगी झाली, तर १९३७ मध्ये इतर समाजांच्या संघामुळे पंचरंगी. पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने मुंबईत मरीन ड्राइव्हवर आजही शेजारी-शेजारी उभे आहेत. ते याच काळाची आठवण आहेत.

या स्पर्धेआधीच, फेब्रुवारी १९०६ मध्ये, हिंदू आणि युरोपियन संघांत मुंबईत सामना झाला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत बाद झाला. १०९ धावांच्या या विजयात बाळू यांनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. वंगभंगाच्या आंदोलनाने देश तापलेला असताना राज्यकर्त्यांच्या संघाचा पराभव झाला होता. त्यामुळे या विजयाची चर्चा मैदानाबाहेरही झाली. हिंदू संघात अस्पृश्य खेळाडू असल्याने हा विजय शक्य झाला, असे त्या वेळच्या सुधारकी वृत्तपत्रांनी आवर्जून मांडले.

१९११ चा इंग्लंड दौरा कसा होता?

पारशी संघ त्याआधी १८८६ आणि १८८८ मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते. सर्व समाजांचा मिळून एक संघ पहिल्यांदा गेला तो १९११ मध्ये. या संघात सहा पारशी, पाच हिंदू आणि तीन मुस्लीम खेळाडू होते. पाच हिंदूंपैकी दोघे होते बाळू आणि शिवराम. कर्णधारपद मात्र पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे होते. त्यांचे वय होते अवघे १९ वर्षे.

तो उन्हाळा इंग्लंडमध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचा होता. महाराजा मोजकेच सामने खेळले. त्यांचा बराच वेळ समारंभ आणि भेटीगाठींमध्ये गेला. उरलेला संघ नवख्या हवामानात आणि ओलसर खेळपट्ट्यांवर एकामागून एक सामने हरत गेला.

या पराभवांच्या मालिकेत बाळू मात्र बळी घेत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले. जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध संघाने दौऱ्यातील पहिला प्रथम श्रेणी विजय मिळवला. त्या सामन्यात बाळू यांचे ११ बळी होते. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्ध अवघा एक गडी राखून विजय मिळाला. तिथे शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या, तर बाळू यांनी अर्धशतक झळकावले. म्हणजे इंग्लिश कौंटी संघांविरुद्धच्या दोन्ही विजयांमध्ये पालवणकर बंधूंचा वाटा मोठा होता.

दौऱ्याचा हिशेब असा :

– एकूण सामने २३ : विजय ६, पराभव १५, अनिर्णित २
– त्यापैकी प्रथम श्रेणी सामने १४ : विजय २, पराभव १०, अनिर्णित २
– बाळू यांचे एकूण बळी ११४, सरासरी १८.८४
– त्यापैकी प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ बळी, सरासरी २०.१२

पस्तिशीतला गोलंदाज, आयुष्यातील पहिलाच परदेश दौरा आणि धावा कमी करणारा संघ हे लक्षात घेतले की या आकड्यांचे वजन कळते. इंग्लंडचे महान डावखुरे फिरकीपटू विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी बाळू यांची तुलना होऊ लागली.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सभेतील मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुणाने लिहिले आणि सादर केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. आंबेडकर तेव्हा विशीत होते आणि मुंबईत शिक्षण घेत होते.

कर्णधारपद का मिळाले नाही?

इंग्लंडहून परतल्यावर बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडूंपैकी एक होते. तरीही दरवर्षी कर्णधार म्हणून दुसऱ्याच कुणाची निवड होत राहिली. एक कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ मध्ये आपल्याच सत्काराच्या वेळी जाहीर केले, की ज्येष्ठतेनुसार हा मान बाळू यांचा होता. तरी निवड समिती बदलली नाही.

यामागचे कारण समजून घ्यायला हवे. गोलंदाजी हे काम होते. खेळपट्टी झाडणाऱ्या माणसाने चेंडू टाकला आणि बळी घेतला तर त्यात सवर्णांचे काही जात नव्हते, उलट संघाचा फायदाच होता. कर्णधारपद हा मात्र अधिकार होता. ब्राह्मण आणि इतर सवर्ण खेळाडूंना कुठे उभे राहायचे हे अस्पृश्य समाजातील माणूस सांगणार, हे पचनी पडणारे नव्हते. त्यामुळे बाळू यांचे कौशल्य स्वीकारले गेले, पण नेतृत्व नाकारले गेले.

१९२० मध्ये हा वाद उघड्यावर आला. पै आजारी असल्याने नेतृत्व प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे देण्यात आले, तर बाळू यांना संघातूनच वगळले. देवधर यांच्यापेक्षा पालवणकर बंधू अनुभवाने ज्येष्ठ होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीमुळे अन्याय होत असल्याचे जाहीर करून संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांतून आणि सभांमधून त्यांना पाठिंबा मिळाला. नंतर पै परतले, बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले आणि दोन्ही भाऊ संघात आले. सामन्यादरम्यान पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ बाळू यांनी संघ सांभाळला. अधिकृत कर्णधारपद मात्र त्यांच्या नावावर कधीच लागले नाही.

मग बदल कधी झाला?

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. तोवर गांधीजींच्या अस्पृश्यता निवारणाच्या मोहिमेने वातावरण बदलू लागले होते आणि विठ्ठल हे संघाचे आघाडीचे फलंदाज होते. १९२० मध्ये भावांनी घेतलेली भूमिका यासाठी निर्णायक ठरली. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने त्याच मोसमात चौरंगी स्पर्धा जिंकली. १९२५-२६ आणि १९२६-२७ च्या मोसमांतही विजेतेपद मिळवले. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. पालवणकर बंधूंच्या क्रिकेटबद्दलचा तो महत्त्वाचा दस्तऐवज मानला जातो.

आंबेडकरांविरुद्ध निवडणूक का लढवली?

बाळू यांच्या सत्कारासाठी पुढाकार घेणाऱ्यांत आंबेडकर होते. दोघांमध्ये आदराचे नाते होते. मात्र १९३०च्या दशकात राजकीय मार्ग वेगळे झाले. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही आंबेडकरांची मागणी होती. बाळू हे मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. त्यातून २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर आंबेडकरांप्रमाणेच बाळू यांचीही सही आहे.

१९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळू यांना ती मान्य नव्हती. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळू यांना उमेदवारी दिली. दलित समाजातील सर्वांत लोकप्रिय खेळाडू आणि सर्वांत मोठा नेता आमनेसामने आले. आंबेडकर १३,२४५ मते मिळवून जिंकले. बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. दोघांमधील फरक अवघ्या २,०२० मतांचा होता.

या लढतीनंतर दलित राजकारणात आंबेडकरांचे नाव वाढत गेले आणि बाळू यांचे नाव मागे पडले. काँग्रेसचा उमेदवार म्हणून आंबेडकरांविरुद्ध उभा राहिलेला माणूस ही ओळख त्यांच्या आठवणीला मारक ठरली. दुसरीकडे क्रिकेटच्या इतिहासातही ते मागेच राहिले. भारताने पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळली, त्याआधीच त्यांची कारकीर्द संपली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव सापडत नाही.

आज त्यांची आठवण का महत्त्वाची?

बाळू यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी, ही त्यांची अधिकृत नोंद. यात पुण्यातील साहेबांना सरावात टाकलेले चेंडू आणि रेल्वेसाठी खेळलेले सामने धरलेले नाहीत.

भारतीय संघात निवड, नेतृत्व आणि संधी यांवर आजही वाद होतात. कोण खेळणार हे गुणवत्तेवर ठरले, तरी कोण नेतृत्व करणार हे ठरवताना वेगळे निकष लागतात का, हा प्रश्न भारतीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे विचारला गेला तो पालवणकर बंधूंमुळे. बाळू यांना त्याचे उत्तर स्वतःसाठी मिळाले नाही, ते त्यांच्या धाकट्या भावाच्या वाट्याला आले. ज्या संघात थोरल्या भावाला चहा वेगळ्या भांड्यात मिळत होता, त्याच हिंदूंच्या संघाचे नेतृत्व विठ्ठल यांनी केले आणि तीन विजेतेपदे मिळवून दिली.