कासव सुटलं, समुद्र राहिला

रेचल कार्सन १९०७ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात जन्मली. समुद्र कोसो दूर, घरी पैशांची ओढाताण. तिच्या फीसाठी आई पियानोच्या शिकवण्या घ्यायची. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात ती वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत संशोधन करायला गेली. समुद्र तिनं तिथंच पहिल्यांदा पाहिला! कासवाच्या मज्जातंतूंचा अभ्यास पुढे अर्धवट राहिला, पण समुद्र मनात घर करून बसला. १९३५ साली वडील गेले, संसाराचा भार तिच्यावर आला. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी सांभाळून तिनं समुद्रावर लिहिलं. १९६२ मध्ये, कॅन्सरशी झुंजत, ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहून कीटकनाशकांचा धोका जगापुढे मांडला. १९६४ मध्ये ती गेली. मुलगी सुट्टीत प्रयोगशाळेत जाते म्हणाली, तर त्यातून मिळणार काय, असं लगेच विचारू नका.