अदृश्य पाऊस मोजणारा माणूस

पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, तेवढ्यात तुम्ही वडापाव घेऊन जागेवर येता आणि घाट सुरू होतो. पहिला बोगदा आला की उजेड जातो, फोनची रेंज जाते. एक गोष्ट मात्र डोंगराच्या दगडातूनही डब्यात येत राहते. अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार झालेल्या कणांचा पाऊस. उघड्यावर तळहात आडवा धरलात तर दर मिनिटाला साधारण शंभर थेंब त्यातून आरपार जातात. बोगद्यात ते कमी होतात, पण थांबत नाहीत.

हे थेंब मोजण्याचा नाद लागलेला एक मुंबईकर तुम्हाला चांगलाच माहीत आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. होमी जहांगीर भाभा म्हटलं की आपल्याला ट्रॉम्बे, अणुभट्टी आणि स्पर्धा परीक्षेतला एक मार्क आठवतो. त्याआधीचा भाभा कुणी सांगतच नाही. आणि तुमच्या वयाशी जास्त जवळचा तोच आहे.

जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. घर श्रीमंत, घरात पुस्तकं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स, हातात चित्रकला. आत्या दोराबजी टाटांच्या घरात दिलेली. त्यामुळे पुढचा रस्ता आखूनच ठेवलेला होता: केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. १९२७ मध्ये मुलगा गेला आणि तिथे भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडला. डिरॅकसारखा माणूस त्याच केंब्रिजमध्ये शिकवत असताना यंत्रांची ड्रॉइंग्ज काढत बसायचं कसं? त्याने वडिलांना पत्र लिहून सरळ सांगितलं, हे आपल्याला जमणार नाही. वडिलांनी अडवलं नाही, पण अट घातली. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो. १९३० मध्ये पहिला वर्ग आला. १९३२ मध्ये गणितातही आला. घरच्यांशी याच विषयावर तुमची बोलणी चालू असतील, तर ही तडजोड ध्यानात ठेवायला हरकत नाही!

त्या काळात कॉस्मिक किरणांनी भल्याभल्यांना चक्रावून टाकलं होतं. मोजायचं साधन होतं गायगर नळी. विद्युतभार असलेला कण आत शिरला की एक टिकटिक. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, याला भार नसतो. तो मोजायचा तर त्याने उडवलेल्या इलेक्ट्रॉनवरून. ठरावीक जागेतून ठरावीक वेळात किती गेले, एवढाच हिशेब. तुमच्या फोनचा कॅमेराही हेच करतो, फक्त कमी ऊर्जेच्या फोटॉनसाठी आणि प्रचंड संख्येने.

आता गंमत बघा. नळ्यांच्या वर शिशाचा पत्रा ठेवला तर आकडा कमी व्हायला हवा ना? शिसं म्हणजे अडथळा. पण इटलीच्या ब्रुनो रॉसीला उलटंच दिसलं. नळ्या अशा जोडल्या होत्या की एकाच क्षणी अनेक कण आले तरच मोजणी व्हावी. एक-दोन सेंटिमीटर शिसं होईपर्यंत आकडा वाढत गेला आणि मग घसरला. छत्री उघडल्यावर जास्त भिजावं, तसं काहीतरी.

१९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी याचं गणित मांडलं. (अमेरिकेत कार्लसन आणि ओपनहायमर त्याच सुमारास तिथेच पोचले होते.) जोरात आलेला इलेक्ट्रॉन शिशाच्या अणुकेंद्राजवळ करकचून ब्रेक लागल्यासारखा मंदावतो आणि त्याची ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. तो फोटॉन दुसऱ्या अणुकेंद्राजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी उभी राहते. त्या दोघांचे पुन्हा फोटॉन, फोटॉनच्या पुन्हा जोड्या. दर टप्प्याला दुप्पट धरा, दहा टप्प्यांत एकाचे १०२४. पण ऊर्जा मुळात एकाचीच, ती वाटली जात जात संपते आणि सरी थांबतात. पत्रा आणखी जाड केला की आकडा का पडतो, तेही यातच आलं.

मात्र काही कण जाड शिशालाही जुमानत नव्हते. या गणितात ते बसेनात, तेव्हा भाभांनी हिशेबाला मुरड घातली नाही. हे इलेक्ट्रॉन नव्हेतच, कुणीतरी जास्त वजनाचे आहेत, असं त्यांनी मांडलं. आज आपण त्यांना म्युऑन म्हणतो. बोगद्यात तुमच्या सोबतीला असतात ते हेच. ते सरासरी सेकंदाच्या सुमारे २.२ दशलक्षांश भागापुरते... नको, सोपं सांगतो: त्यांचं आयुष्य इतकं छोटं की प्रकाशाच्या वेगाने धावूनही ते सरासरी ६६० मीटरच जातील. माथेरान ८०० मीटर उंच आहे. म्हणजे माथेरानच्या टोकावर जन्मलेल्या बहुतेकांनी समुद्रसपाटी बघूच नये. आणि हे तर दहा-पंधरा किलोमीटर वरून येतात! वेगात धावणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं हे आइन्स्टाइनचं म्हणणं अशा कणांवर तपासता येईल, हे भाभांनी १९३८ मध्येच सुचवलं होतं.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मुंबईला आले आणि युद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद. वय तीस, युरोपात नाव झालेलं, आणि इथे त्या तोडीची प्रयोगशाळा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना जागा मिळाली. तिथे सी. व्ही. रामन होते. सुरुवातीला हा मुक्काम तात्पुरताच होता.

मग त्यांच्या लक्षात आलं की मोजायला हीच जागा उत्तम आहे. पृथ्वीचं चुंबकत्व अवकाशातून येणाऱ्या भारित कणांना वळवतं आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ फक्त तगडेच आत येतात. बंगळूर तिथून फार लांब नाही. युद्धासाठी आलेल्या अमेरिकी लष्करी विमानांतून त्यांनी आपल्या नळ्या सुमारे ३०,००० फुटांवर पाठवल्या आणि वर किती, खाली किती, हे मोजून घेतलं. परक्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर गणित करणारा माणूस आता आपले आकडे आपण गोळा करत होता. माझ्या मते त्यांचं परत न जाणं तिथेच ठरलं. १२ मार्च १९४४ ला त्यांनी टाटा ट्रस्टला संस्थेसाठी पत्र लिहिलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि वर्ष संपायच्या आत मुंबईत आली, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. पुढे तिथल्या लोकांनी फुग्यांना उपकरणं बांधून आकाशात सोडली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरूनही तोच पाऊस मोजला.

अणुऊर्जेची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून एकच दृश्य. ४ ऑगस्ट १९५६, ट्रॉम्बेची अप्सरा भट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात निळा उजेड दिसायचा. पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, त्या वेगाला मागे टाकणारे इलेक्ट्रॉन तो उजेड सांडत जातात. त्याचं नाव चेरेन्कोव्ह प्रकाश.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना भाभांचं विमान माँ ब्लाँवर आदळलं. वय ५६. त्याच डोंगररांगेत फ्रेंचांनी कॉस्मिक किरणं मोजायला प्रयोगशाळा बांधली होती, आणि तिथल्या गिर्यारोहकांच्या एका निवाऱ्याला आजही त्या किरणांचंच नाव आहे.

लडाखमध्ये हानले इथे, ४,००० मीटरहून उंचावर, २१ मीटर व्यासाची मेस नावाची दुर्बीण उभी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने ती उभारली, २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. दूरच्या ताऱ्यांकडून आणि आकाशगंगांकडून येणारे गॅमा फोटॉन ती मोजते. हे फोटॉन जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. हवेत शिरताच एकाची जोडी, जोडीचे फोटॉन, पुन्हा जोड्या, आणि त्या सरीतून सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता निळा चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो. दुर्बीण तो पकडते आणि वरून आलेला मूळ फोटॉन कुठून आला, किती ऊर्जेचा होता, याचा हिशेब त्या चमकीवरून उलटा करत नेते.