गजानन माधव मुक्तिबोध : मरणोत्तर कीर्तीचा मराठी भाषक हिंदी कवी

आधुनिक हिंदी कवितेच्या इतिहासात गजानन माधव मुक्तिबोध यांचे स्थान आज निर्विवाद मानले जाते. मात्र स्वतःचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना हयातीत पाहता आला नाही.

मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. घरात मराठी बोलली जात असली तरी गजाननरावांनी लेखनासाठी हिंदीची निवड केली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. शरच्चंद्र यांना १९७९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवण्यात आले.

१९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या सात कवींच्या संकलनात मुक्तिबोध यांच्या कवितांचा समावेश झाला. हिंदी नवकवितेची ती नांदी ठरली. परंतु त्यानंतरही त्यांच्या जीवनाला स्थैर्य लाभले नाही. उदरनिर्वाहासाठी त्यांनी शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर आणि नागपूर येथे शिक्षक, पत्रकार व आकाशवाणीतील कर्मचारी म्हणून काम केले. जबलपूरच्या हितकारिणी शाळेत ते काही काळ अध्यापक होते. १९५८ मध्ये राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाल्यावर त्यांची भटकंती थांबली.

त्यांच्या कविता दीर्घ असत आणि त्यांवर ते वारंवार संस्कार करीत. मध्यमवर्गीय बुद्धिजीवीच्या मनातील भय, अपराधभाव आणि तडजोडी यांचा त्यांनी निर्ममपणे शोध घेतला. नियतकालिकांच्या मोजक्या पानांत हे लेखन सहजासहजी सामावणारे नव्हते. अशा काळात जबलपूर येथून हरिशंकर परसाई यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘वसुधा’ मासिकाने त्यांना हक्काची जागा दिली. ‘एक साहित्यिक की डायरी’ या नावाने पुढे ग्रंथरूप झालेले चिंतनपर लेखन या मासिकातून वाचकांसमोर आले.

१९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. या आघाताने ते व्यथित झाले. १९६४ च्या प्रारंभी त्यांना पक्षाघात झाला. भोपाळ येथील उपचारांनंतर त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. ते मृत्यूशी झुंजत असताना साहित्यिक मित्रांनी त्यांच्या कवितांचे संकलन हाती घेतले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी मुक्तिबोध यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह भारतीय ज्ञानपीठाने प्रकाशित केला.

या संग्रहातील ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता विसाव्या शतकातील महत्त्वाच्या हिंदी कवितांमध्ये गणली जाते. नामवर सिंह यांच्यासारख्या समीक्षकांनी तिची साक्षेपी चिकित्सा केली. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांच्या संपादनाखाली मुक्तिबोध यांची समग्र रचनावली सहा खंडांत सिद्ध झाली. त्याच वर्षी मणी कौल यांनी त्यांच्या साहित्यावर आधारित ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट निर्माण केला.

राजनांदगाव येथे आज मुक्तिबोध यांचे स्मारक उभे आहे. ज्यांच्या घरात मराठी नांदली, त्या या कवीचा मराठी वाचकांशी परिचय मात्र अद्याप मोजकाच राहिला आहे.