लोखंड्यांचा रविवार आणि गिरणीतली पोरे

आज रविवार. चहाचा दुसरा कप, हातात पुरवणी आणि घड्याळाकडे बघायचे कारण नाही. १८९० पूर्वीच्या मुंबईत गिरणीच्या माणसाला हे सुख ठाऊक नव्हते. ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवून दिले, हे पुष्कळांना माहीत असते. त्या रविवारात गिरणीतल्या पोरांचाही वाटा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही.

लोखंडे जन्मले १८४८ साली, ठाण्यात. मॅट्रिकपर्यंत शिकून रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणी त्यांनी आतून पाहिली ती तिथे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधू' मुंबईतून चालवू लागले.

पुढच्याच वर्षी पहिला फॅक्टरी कायदा झाला. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी त्यासाठी खटपट केली होती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचाही रेटा होता. तो काही निव्वळ दयेपोटी नव्हे, मुंबईचे स्वस्त कापड त्यांना सलत होते. या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास काम, तासाभराची विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. शंभराहून कमी माणसांचा कारखाना यातून सुटला.

सात वर्षे! आपल्या घरातले दुसरीतले पोर डोळ्यांपुढे आणा. आणि ते सातचे की सहाचे, हे ठरवायचे कशावरून? मी बँकेत असताना माझ्या टेबलाशी येणाऱ्या कितीतरी खातेदारांची जन्मतारीख १ जून असे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. विसाव्या शतकात ही गत, तर १८८१ची काय सांगावी!

मोठ्यांसाठी मात्र त्या कायद्यात ना तासांची मर्यादा, ना सुट्टी. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार. या यादीत मुलांचे नाव नाही. पण माझ्यासारख्या हिशेब करणाऱ्याला शेवटच्या दोन कलमांत मुलेच दिसतात. पगार लांबला की घर सावकाराच्या व्याजावर चालते. बापाचा हात यंत्रात गेला की थोरला पोरगा गिरणीच्या दारात उभा राहतो, मग तो सातचा असो की सहाचा.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली, याचे मला फार अप्रूप वाटते. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनवर लोखंडे कामगारांच्या वतीने बसले. १८९१च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, नऊ ते चौदा वयाला सात तासच काम ठेवले, बायकांना अकरा तास आणि सर्वांनाच आठवड्याची सुट्टी दिली.

प्लेगने लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ला गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. महिन्याभराने त्याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या.

कारखान्यातले किमान वय बारा व्हायला १९२२ उजाडले, चौदा व्हायला १९४८. २०१६च्या दुरुस्तीने चौदाखालच्या मुलांना सर्वच धंद्यांत बंदी केली. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीची मोकळीक मात्र ठेवली. दुकानामागच्या खोलीतले पोर घरचे की पगारी, हे पाहायला तिथे कोण जाते, ते शेजाऱ्यालाच विचारावे.