रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, पण त्याच नजरेनं नांगर घडवला आणि माळरानावर गाव वसवलं

मिरजेहून पुण्याला जाणारी रेल्वे सांगली, भिलवडी मागे टाकते आणि किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. ज्यांच्या कारखान्यामुळे हे नाव बदललं त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपण नांगरवाले, पंपवाले उद्योगपती म्हणून ओळखतो. पण त्यांना व्हायचं होतं चित्रकार.

२० जून १८६९ ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. पोराचं लक्ष मात्र पुस्तकापेक्षा चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून बघण्यात. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वडिलांचा विरोध होता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि पैशांची सोय झाली.

दोन वर्षं गेली आणि कळलं की लक्ष्मणरावांना काही रंगांमधला फरकच ओळखता येत नाही. म्हणजे अंशतः रंगांधळेपण. रंगवण्याचं शिक्षण तिथंच थांबलं.

लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना हा प्रसंग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो. खरंतर पुढचं बरंच काही इथंच ठरलं. रंग गेले तरी रेषा, प्रमाण आणि आकार हातात होते. बोन्साय करणाऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील. खोडाची रेषा कशी वळते, फांद्यांमध्ये मोकळी जागा किती सोडायची, उंचीला बुंधा शोभतो का, यावर झाड उभं राहतं. रंगाचा नंबर नंतर लागतो.

लक्ष्मणरावांनी यंत्रांची चित्रं काढण्याचं शिक्षण चालू ठेवलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्याच विषयाचे सहायक शिक्षक झाले. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल हे कागदावर मांडायचं, मापं अशी द्यायची की दुसऱ्या कुणालाही ती वस्तू बनवता यावी. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं भावासोबत सायकलींचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

चित्रकाराच्या नजरेचा खरा कस या नांगरात लागला. नांगराचा फाळ माती कापतो. त्यामागे एक वाकडा पत्रा असतो, तो कापलेली माती उचलतो आणि उलटी करून टाकतो. त्याची वळणं दोन दिशांनी जातात. वळण कमी पडलं तर माती पलटत नाही, जास्त झालं तर बैलांना ओढवत नाही. शिवाय बिडाच्या ओतकामात आधी लाकडी साचा घडवावा लागतो. तो वाळूत दाबून पोकळी करायची आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. थंड होताना बीड आकसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून लाकडी साचा तेवढा मोठा करायचा. डोळ्याला दिसणारा आकार एक आणि हाताने घडवायचा आकार दुसरा, असा हा मामला.

एवढं करून नांगर बाजारात आला आणि कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. आज आपण ही गोष्ट हसून सांगतो, पण ज्याची सगळी कमाई चार बिघे जमिनीत आहे तो माणूस जपूनच पाऊल टाकणार.

नांगर खपायला लागले तसं नवं संकट आलं. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेमुळे सोडायची वेळ आली. तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण तेव्हा या संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता आणि कुंडल त्यातच होतं. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी १० हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीनही.

जमीन कसली, खडकाळ माळ होता तो. निवडुंग माजलेला, साप फिरणारे आणि पाण्याची बोंब. १० मार्च १९१० ला लक्ष्मणराव मोजक्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन तिथं पोहोचले. कारखान्यासोबतच वसाहतीची आखणी झाली. तिची व्यवस्था रामूअण्णांनी बघितली. घरं झाली, शाळा झाली, निवडुंगाच्या जागी बागा आल्या. जमशेदपूरनंतर देशातल्या सगळ्यात जुन्या औद्योगिक वसाहतींमध्ये किर्लोस्करवाडीचं नाव घेतात. लक्ष्मणरावांनी तिथं अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून नेमलं.

कारखान्यातून नांगरांपाठोपाठ पंप, उसाचे चरक आणि लोखंडी फर्निचरही बाहेर पडू लागलं. चित्रकला घरातून गेली नाही ती नाहीच. पुतणे शंकरराव, म्हणजे 'शंवाकि', चित्रकला शिकले, व्यंगचित्रं काढू लागले, आणि १९२० मध्ये त्याच माळावरून 'किर्लोस्कर' मासिक सुरू झालं. मग १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर'.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं आणि उद्योग जाळले गेले. जमावानं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली. ३८ वर्षं लागली होती ते सगळं उभं करायला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते, कारभार मुलगा शंतनुराव आणि पुढच्या पिढीकडे गेलेला. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झालं, म्हणजे ज्या राजानं माळ दिला त्याचं राज्यही गेलं.

कारखाना पुन्हा उभारला गेला. तो चालू झालेला लक्ष्मणरावांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते आणि तिथं आजही पंप बनतात.